अक्तीला बसवलेलं दार

आमच्याकडे चौकट अक्तीलाच बसते. अक्ती म्हणजे अक्षय तृतीया. घराची चौकट असो का गोठ्याची, वैशाखातल्या त्या दिवशी मुहूर्त पाहावा लागत नाही, शेतात काम नसतं, लाकूड वाळून कडक झालेलं असतं. वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात कोणालाही विचारा, दार कवा बसवलं भाऊ, तो सांगेल, अक्तीले. आणि त्याच गावात श्रावण लागला की घरोघर दारांना लाथा घातल्याचे आवाज येतात, तेही मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. कडक उन्हात घट्ट बसवलेलं दार पावसाळ्यात फुगणार नाही तर काय करणार? पण ते कोणी बोलत नाही. रंदा काढतात, कड तासतात, पुढच्या अक्तीला पुन्हा नवी चौकट घट्ट बसवतात. घराचं दार तसंही दिवसभर उघडंच असतं, कोणाचं काही अडत नाही.

आमचं अडलं. माझी सासू त्या दारापायी गेली. गावात म्हणतात, म्हातारी उन्हानं गेली. म्हणू दे. गावाला बोलायला काय जातं!

दार घराचं नव्हतं, संडासाचं होतं. योजनेत संडास मंजूर झाला तेव्हा तो कुठे बांधायचा यावरून घरात महाभारत झालं. मागे विहीर, एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला तुळस. सासूनं सगळ्या जागा बाद केल्या. राहिला रस्त्याकडचा कोपरा. ठेकेदाराच्या माणसांनी त्याचं तोंडही रस्त्याकडेच करून ठेवलं, आणि रस्त्यापलीकडे हापशी. अख्ख्या मोहल्ल्याच्या बाया जिथे गुंडं घेऊन उभ्या राहतात त्या हापशीच्या समोर आमच्या संडासाचं दार! मी बोंबलले, पण भिंती उभ्या झाल्या होत्या. सोबत आलेलं टिनाचं दार पहिल्याच वावधानात उडालं आणि शेजाऱ्याच्या वांग्यांत जाऊन पडलं.

मी अंगणवाडी सेविका. संडासात जा, हात धुवा, पाणी उकळून प्या, हे गावभर सांगत फिरणं हे माझं काम. आणि माझ्याच घरचा संडास बिनदाराचा. बाया तोंडावर हसायच्या. नवरा चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला ठेक्यावर कामाला, हप्त्यातून एकदा गाडीवर घरी यायचा. एरवी घरात आम्ही दोघीच, सासू आणि मी. नवऱ्याला म्हटलं, चंद्रपूरहून एखादं पलास्टिकचं दार आणा. त्याला ते लागलं.

"घरी लाकूड पडलं हाय न दार इकत आनू? मीच बनवतो."

लाकूड होतं, हे खरं. बांधावरचा येन, पुस्तकात ज्याला ऐन म्हणतात तो, आदल्या पावसाळ्यात आडवा झाला होता आणि त्याच्या फळ्या कापून गोठ्यात लावून ठेवल्या होत्या. नवऱ्यानं सुतारकाम कधी केलेलं नव्हतं, पण हात बरा होता आणि हौस दांडगी. येऊन-जाऊन त्यानं उभ्या फळ्या एकमेकींना भिडवल्या, मागून आडव्या पट्ट्या ठोकल्या. दार वजनदार झालं, देखणंही झालं. मग सासू अडून बसली. अक्तीशिवाय चौकट बसणार नाही.

"आत्या, संडासाले कायचा मुहूर्त?" मी म्हटलं.

"चौकट ते चौकट. बिनहळदीची चौकट घराले लाभत नाई."

झालं. अक्तीला भर उन्हात संडासाच्या चौकटीला हळदकुंकू लागलं, आंब्याची पानं बांधली, नारळ फुटला. हापशीवरचा एक टवाळ ओरडला, "आजी, सत्यनारायण कवा हाय?" सासू मागं वळूनही न पाहता म्हणाली, "तू ये न परसाद घ्याले. आतच ठेवतो तुह्यासाठी." त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी हसून हसून खाली बसले.

नवऱ्यानं दार लावून दाखवलं. कागदाचा तुकडा घेऊन फटीत घालायला गेला, जाईना. डब्याला झाकण बसावं तसं दार बसलं होतं. सासूनं दारावरून हात फिरवला, मग लेकाच्या पाठीवरून. तेव्हापासून ती पहाटे लोटा घेऊन नाल्याकडे जायची बंद झाली. मला केवढं बरं वाटलं होतं! आमचा नाला म्हणजे पलीकडे लगेच जंगल. रानडुक्कर, अस्वल, आणि वाघ तर आता आमच्याकडे कुत्र्यासारखा फिरतो. म्हातारं माणूस तिथे वाकून बसलं की त्या जनावराला काय कळतं हे माणूस आहे म्हणून?

मग आषाढाच्या शेवटी झड लागली. थांबायचं नाव नाही. मी सकाळी अंगणवाडीत गेले तेव्हा सासू चुलीपाशी होती. दुपारी आले तर चूल थंड, भात तसाच, सासू नाही. हाका मारल्या. गोठ्यात पाहिलं, शेजारी विचारलं. नाल्यावर गेली की काय म्हणून मी तिकडे निघाले. तेवढ्यात बारीक आवाज आला.

"इथी हावो वं."

"इथी कुठी?"

"इथी. आत."

दाराची आतली कडी तिनं केव्हाच काढली होती. दार हलत नव्हतं. ती आतून ढकलते, मी बाहेरून ओढते, आणि मूठ माझ्या हातात निघून आली. येन सगळीकडून फुगून चौकटीत रुतून बसला होता. "आवाज काऊन नाई देल्ला?" मी ओरडले, कारण मला रडू येत होतं. हापशीवर सकाळपासून बाया होत्या, एक हाक पुरली असती.

"काय म्हनू? संडासात अटकली म्हनू?"

"थांबा, मी मानसं बोलावतो."

"मानसायले नोको बोलावू. तुले माही आन हाय."

तिची आन मोडून मी माणसं बोलावली. दुसरा काय इलाज होता? दोघं सब्बल घेऊन आले, त्यांच्यामागे बघे दहापट. कडकन आवाज होऊन दार उघडलं आणि सासू बाहेर आली. वरच्या टिनातून गळून गळून चिंब झालेली. तिनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला होता आणि त्या पावसात, त्या लोकांमधून, ती कोणाकडे न पाहता घरात गेली. कोणीतरी मोबाइलवर काढत होतं. त्याला गाणं लावून सांजेपर्यंत ते गावाच्या ग्रुपवर फिरलं, नवऱ्यानं तिकडे ऊर्जानगरात पाहिलं. मला आजही त्या लोकांचा राग येतो. एवढ्याशा करमणुकीसाठी तुम्ही एका म्हाताऱ्या बाईची काय गत केलीत हे तुम्हाला कळलंसुद्धा नाही रे.

दुसऱ्या दिवशी लोटा घेऊन ती नाल्यावर. मी आडवी झाले तर मला बाजूला सारून गेली.

नवरा रजा टाकून आला. भर पावसात दार उतरवून ओसरीत आणलं आणि रंद्यानं कड तासत बसला. ओल्या लाकडाचे छिलपे रंद्यात अडकायचे, तो शिव्या घालायचा, पुन्हा तासायचा. खूप तासलं. शेवटी दार बोटानं लोटलं तरी उघडायला लागलं. "माय, पाह्य आता. हवेनं उघडते."

"तुवाच जाय," सासू म्हणाली.

तिला परत त्या दाराआड न्यायला मला दिवाळीपर्यंत वेळ लागला. अट एकच. मी बाहेर उभं राहायचं. कडी लावायची नाही आणि मी हलायचं नाही. मग रोज सकाळी मी थंडीत शाल पांघरून संडासाबाहेर पहारा देत उभी, आणि ती आतून माझ्याशी बोलते आहे. कोणाच्या सुनेनं काय केलं, तळ्यात यंदा मासा किती सोडला, माझ्या भाजीत तिखट कसं जास्त असतं. सगळं तिला तिथेच आठवायचं.

"आत्या, लवकर करा, लेकरं आली असतीन अंगणवाडीत."

"घाई नोको करू. पोलीस असा घाई करते का?"

इतके दिवस एका चुलीवर राहून आम्ही जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या हिवाळ्यात, मध्ये ते दार ठेवून बोललो. दारही तेव्हा शहाण्यासारखं वागत होतं. ना फुगलेलं, ना आखडलेलं. शिवरात्रीला मी तिला मार्कंड्याच्या जत्रेत नेलं. नदीत डुबकी मारून ती वाळूत बसली, चिवडा खाल्ला, आणि मला म्हणाली, "तू चांगली हायस वं. तोंडाचीच खराब हायस." असलं कौतुक तिनं आधी कधी केलं नव्हतं.

होळी झाली आणि ऊन चढायला लागलं. आमच्या उन्हाबद्दल बाहेरच्यांना सांगून उपयोग नाही. दुपारी चिमण्या हापशीच्या डबक्यात पडून राहतात. दारावर छप्पर नाही, आडोसा नाही, दिवसभर ऊन थेट अंगावर. आतून ओल्या राहिलेल्या त्या फळ्या पावसाळ्यात एकमेकींना रेटून दबल्या होत्या, वरून कडेनं तासल्या होत्या. आता त्या आखडल्या. फळी-फळीत फट पडली. कडेला तर हात जाईल एवढी. मी रोज त्याच दारासमोर उभी राहत होते, पण पाठ करून, त्यामुळे माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आणून दिलं हापशीवरच्या बाईनं.

"काकू," गुंडं भरता भरता ती सासूला म्हणाली, "हिरवं लुगडं लय शोभते तुले. इथून दिसत होतं."

वाईट मनानं म्हणाली नसेल. आमच्याकडे थट्टा अशीच असते, सासू स्वतः त्यातली वस्ताद. पण या वेळी ती घरात आली, हिरवं लुगडं सोडून घडी केली आणि पेटीच्या तळाशी टाकलं.

मी दारावर पोतं टांगलं, ते वाऱ्यानं उडायचं. नवऱ्यानं कुठूनसा वाढदिवसाचा एक फ्लेक्स आणून आतून ठोकला. त्यावर हात जोडून हसणारा कोणी भाऊ. सासू आत गेली आणि तशीच बाहेर आली. "त्याच्यासमोर बसू का मी?" आम्हाला हसू आलं, तीही थोडी हसली, पण गेली नाही. फ्लेक्सही दोन झळांत फाटला. मग नवऱ्यानं फटींवर पट्ट्या ठोकायला घेतल्या. वाळलेला येन म्हणजे लोखंड. खिळा शिरेना, शिरला तर फळी उभी चिरत जायची. एका फटीच्या दोन झाल्या. मी म्हटलं, आता तरी ते भंगार काढा आणि विकतचं दार आणा. नवरा म्हणाला, "आता बदलून काय करतं? रोहिणीचं पानी पडू दे, फुगते न फटी आपोआप मिटतेत." आणि ते खोटंही नव्हतं, हीच तर पंचाईत. पावसाळ्यात ज्याच्यापायी रडलो तेच फुगणं आता आम्ही देवाकडे मागत होतो.

सासू पुन्हा नाल्यावर जाऊ लागली होती. मोहाची फुलं पडायचे दिवस. शेजारच्या गावात मोह वेचायला गेलेली एक बाई वाघानं नेली. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरली, पहाटे कोणी जंगलाकडे जाऊ नका. नवरा त्याच दिवशी आला, आईचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "माय, नाल्याकडं पाऊल टाकलं तं माह्या जिवाची शपथ हाय तुले."

तिची आन मी मोडली होती. पण एकुलत्या लेकाच्या जिवाची शपथ माय कशी मोडेल? तिनं ती पाळली. ती नाल्याकडे गेली नाही, आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. वाघाच्या तोंडातून म्हातारी वाचवली असं आम्हाला वाटलं. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधोमध आम्ही तिला उभं केलं होतं.

मग ती जात कुठे होती? मी विचारलं. "जातो न दुपारी. हापशीवर कोनी नसते." दुपारी मी घरी नसायची. मी मानलं. मानायला सोपं होतं.

तिचे उपास वाढले. सोमवार होताच, त्यात चतुर्थी, शनिवार, मग कोणता तरी गुरुवार. मी चिडायची. म्हणायची, देवायले काय उपाशी मारून खूश करता? जेवायला बसली तर भात चिवडून उठायची. त्या वर्षी गावात उन्हाचे रोगी फार, मी साखर-मिठाच्या पाण्याच्या पुड्या दारोदार वाटत फिरत होते, बायांना दम देत होते, तहान लागो न लागो पाणी प्या. घरी आले की सासूच्याही पाठी. तिच्या बाजेखाली तांब्या भरून ठेवायची, संध्याकाळी रिकामा असायचा. मी खूश. ती गेल्यावर शेजारणीनं सांगितलं, तुझी सासू दुपारी दोडक्याच्या वेलाला पाणी घालायची, तांब्या-तांब्यानं. एवढ्या उन्हात वेल कसा हिरवागार राहिला याचं मलाही नवल वाटायचं.

एक दिवस अंगणवाडीतून आले तर ती बाजेवर आडवी होती आणि मला ओळखेना. मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारत होती. ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी. ॲम्ब्युलन्सनं चंद्रपूरला नेलं. डॉक्टर पोरसवदा होता, सभ्य होता. त्यानं विचारलं, लघवीला कधी झाली होती? मला सांगता आलं नाही. कालपासून झाली का? परवा? गावातल्या गरोदर बायांचं वजन मला तोंडपाठ असतं, आणि घरातली म्हातारी लघवीला जाते का नाही हे मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, किडन्या पार बसल्या आहेत, उशीर झाला आहे, या वयात डायलिसिसही झेपेल असं वाटत नाही. नवरा भिंतीला टेकून खाली बसला.

सलाईननं तिला थोडी शुद्ध आली. लघवीची नळी लावली होती, पिशवी पलंगाला अडकवलेली. पिशवीत जवळपास काही नव्हतं. तिनं चादरीखाली हात घालून नळी चाचपली आणि मला जवळ बोलावलं.

"हे काय हाय वं?"

मी सांगितलं. लघवी आपोआप इथून जाते, उठावं लागत नाही.

"कुठीच जा लागत नाई?"

"नाई आत्या. कुठीच नाई."

तिचा चेहरा असा निवला की मला तो पाहवेना. "लय बेस हाय," ती म्हणाली. "मंग आता दे पानी. जा लागते म्हनून पेत नोती मी. गिलास भरून दे."

तेव्हा मला सगळं कळलं. उपास, दोडका, रिकामा तांब्या, सगळं. त्या खोलीत मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. वाघाच्या भीतीनं आम्ही जंगलाकडे डोळे लावून बसलो होतो आणि ही आमच्या ओसरीत, आमच्या डोळ्यांदेखत, रोज थोडी थोडी वाळत होती. एका दारासाठी! चार फळ्यांच्या दारासाठी!

मी गिलास भरला. नर्स धावत आली आणि माझ्या हातातून तो काढून घेतला. आता पाणी द्यायचं नाही, ती म्हणाली, डॉक्टरांनी मोजून सांगितलं आहे, किडनी काम करत नाही, पाणी अंगात साचेल, फुप्फुसात जाईल. ओठ ओले करा फक्त. माझ्या हातात तिनं कापसाचा बोळा दिला.

मी बोळा भिजवून सासूच्या ओठांना लावला. तिनं तो दातांत धरला आणि चोखला. मी काढून घेतला. नवरा उठून बाहेर निघून गेला. ती माझ्याकडे पाहत राहिली, रागानं नाही, खरोखर न समजून.

"घरी तं पाठी लागत होतीस, पानी प्या, पानी प्या म्हनून," ती म्हणाली. "आता मी मांगून राह्यली तं काऊन नाई देत वं?"